बोटांची लिपी आणि डोळसांची घाई : एक दीर्घ थ्रेड

१/
"आता फोन बोलतो, पुस्तके ऐकता येतात, मग अंध मुलाने ब्रेल शिकण्यात वर्षे का घालवावीत?" हा प्रश्न अलीकडे शाळांच्या बैठकांत, देणगीच्या समारंभांत आणि यंत्रांच्या जाहिरातींत इतक्या सहजपणे विचारला जातो, की तो प्रश्न उरतच नाही, तो निकाल होऊन बसतो. निकाल देणारे बहुधा डोळस असतात. असाच एक निकाल १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये दिला गेला होता आणि तो उलटायला वर्षे लागली होती. त्या निकालाचा आणि त्यानंतरच्या दोनशे वर्षांतील यंत्रांचा हा इतिहास.

२/
व्हॅलेंटिन हाऊय या फ्रेंच गृहस्थांनी १७८५ साली पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. अंध माणसाला वाचता येईल हेच मुळी त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हते. त्यामुळे हाऊय यांचे श्रेय मोठे आहे आणि ते त्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी जाड ओल्या कागदावर ठसे दाबून रोमन अक्षरे उठवली. मुले त्या उंचवट्यांवरून बोट फिरवीत आणि अक्षर ओळखीत. पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिके होत, टाळ्या पडत.

३/
टाळ्या वाजवणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नव्हती. C आणि G, O आणि Q यांच्यातील फरक डोळ्याला क्षणात कळतो, कारण ती अक्षरे डोळ्यासाठीच घडलेली आहेत. बोटाला मात्र प्रत्येक अक्षराची कड चाचपत पुरी करावी लागते, आणि वळण संपेपर्यंत शब्दाचा प्रारंभ विसरायला होतो. अक्षरे मोठी करावी तर ग्रंथ एवढे अवजड होतात की मुलाला ते उचलवत नाहीत. त्याहून मोठी उणीव अशी, की या पद्धतीने मुलांना वाचता येई, पण ठशांवाचून लिहिता येत नसे. दुसऱ्याने दिलेले वाचावे, स्वतःचे काही लिहू नये, अशी ती साक्षरता होती.

४/
१८१९ साली या शाळेत कुपव्रे गावच्या एका खोगीरकाराचा दहा वर्षांचा मुलगा दाखल झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातील हत्यार डोळ्यात घुसले आणि पुढे त्याची दृष्टी गेली होती. लुई ब्रेल त्याचे नाव. दोनच वर्षांनी शार्ल बार्बिए नावाचे एक निवृत्त अधिकारी आपली ठिपक्यांची लिपी घेऊन शाळेत आले.

(नेपोलियनच्या सैनिकांना अंधारात हुकूम वाचता यावेत म्हणून ही लिपी शोधली, अशी कथा समाजमाध्यमांवर दर जानेवारीत फिरते. बार्बिए यांच्या स्वतःच्या लिखाणातील हेतू मात्र अधिक व्यापक दिसतो : ज्यांना रूढ लेखन शिकणे शक्य नाही अशा सर्वांसाठी सोपी लेखनपद्धती. त्या 'सर्वां'त अंधही होते.)

५/
बार्बिए यांच्या चौकटीत सहा ओळींत दोन-दोन असे बारा ठिपके होते. ही चौकट बोटाच्या पेरापेक्षा उंच असल्यामुळे एक चिन्ह वाचायला बोट वर-खाली न्यावे लागे. शिवाय ती ध्वनींची लिपी होती. शुद्धलेखन, विरामचिन्हे, आकडे यांना तीत जागा नव्हती. शाळकरी ब्रेलने बारांचे सहा केले. सहा ठिपक्यांची चौकट पेराखाली एका स्पर्शात मावते. त्यांच्या मांडणीतून ६३ निरनिराळी चिन्हे होतात. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८२४च्या सुमारास, लिपीचा गाभा सिद्ध झाला आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पाटी आणि टोचणी एवढ्याच साहित्यावर ती लिहिताही येत होती.

६/
येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. हाऊय यांनी डोळ्याची अक्षरे बोटाला दिली. ब्रेलने बोट काय करू शकते हे आधी पाहिले आणि त्याप्रमाणे अक्षर घडवले. बोटाला रेषेपेक्षा ठिपका स्पष्ट कळतो. बोट स्थिर ठेवले तर ठिपक्यांची जाणीव विरत जाते. ते सरकत राहिले तरच वाचन होते. म्हणजे या लिपीतले निम्मे काम कागदावर असते आणि निम्मे हाताच्या हालचालीत. हे डोळस सद्भावनेला सुचले नाही. ज्याला रोज वाचायचे होते त्यालाच ते सुचले.

७/
आणि शाळेने काय केले? १८४० साली पिएर-आर्मां द्युफो संचालक झाले आणि ब्रेलच्या लिपीला शाळेत मज्जाव झाला. कारण असे सांगितले जाई, की ठिपक्यांची लिपी डोळसांना वाचता येत नाही. तिच्यामुळे अंध समाजापासून तुटतील. मुले मात्र चोरून ठिपके टोचीत राहिली. पुढे द्युफो यांचेच सहकारी जोझेफ गाडे यांनी त्यांचे मन वळवले आणि १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. लुई ब्रेल १८५२ सालीच क्षयाने गेले होते.

८/
'डोळसांना वाचता येत नाही' हा आक्षेप नीट उलगडून पाहावा. त्यात अंध मुलाच्या वाचनाचा वेग नाही, त्याचे लेखन नाही, त्याचा एकांत नाही. शिक्षकाची सोय आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या अंधशाळेचे सॅम्युअल हाऊ यांनीही याच तर्काने कोनदार रोमन अक्षरांची स्वतःची उठावाची लिपी चालवली, आणि ती कित्येक दशके टिकली. आज 'वेगळी लिपी कशाला, सगळ्यांसारखाच फोन वापरू दे' असे म्हणणारे नव्या युगाची भाषा बोलत आहेत असे त्यांना वाटते. ते १८४० सालची भाषा बोलत आहेत.

९/
ठिपके जिंकले, तरी कोणते ठिपके यावरून अमेरिकेत पुन्हा भांडण जुंपले. न्यूयॉर्क पॉइंट ही विल्यम वेट यांची लिपी, जोएल स्मिथ यांची अमेरिकन ब्रेल आणि इंग्लंडहून येणारी पुस्तके, असे तीन निरनिराळे ठिपके एकाच देशात नांदत होते. एकाच पुस्तकाच्या तीन आवृत्त्या काढाव्या लागत आणि कोणत्याच लिपीत पुरेशी पुस्तके नसत. हेलन केलर यांना या साऱ्या लिप्या शिकाव्या लागल्या. १९०९ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळापुढे हा वाद आला तेव्हा त्यांनी पत्र लिहून ब्रेलचा पक्ष घेतला. इंग्रजी जगाने एकच प्रमाण ब्रेल स्वीकारले ते १९३२ साली.

१०/
भारतात गोंधळ याहून मोठा होता. १८८७ साली ॲनी शार्प यांनी अमृतसरला पहिली अंधशाळा काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. शाळा वाढल्या तशा लिप्याही वाढल्या. अहमदाबाद-मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपतींची, कलकत्त्यात लालबिहारी शाहांची, म्हैसुरात तिसरी, मिशनऱ्यांच्या आणखी वेगळ्या. एका प्रांतातला अंध वाचक दुसऱ्या प्रांतात गेला की निरक्षर होई. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या साहाय्याने चर्चा होऊन १९५१ साली भारती ब्रेल सिद्ध झाली. तिचे सूत्र साधे आहे : ध्वनी एक तर ठिपके एक, मग छापील लिपी देवनागरी असो, बंगाली असो वा तमिळ. डोळसांच्या भारताला जे एक लिपीचे स्वप्न आजवर साधले नाही, ते बोटांनी वाचणाऱ्या भारताने तेव्हाच साधले.

११/
भारती ब्रेलमधील दोन बारकावे मराठी वाचकाने अवश्य पाहावेत.

देवनागरीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. उच्चारात मात्र 'क' आधी आणि 'इ' नंतर. डोळा पूर्ण अक्षर एकदम पाहतो, म्हणून त्याला या उलटसुलट क्रमाचा त्रास होत नाही. बोट एका वेळी एकच चौकट वाचते. म्हणून ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ' येतो. बोट कानाच्या क्रमाने चालते.

जोडाक्षराचे याच्या उलट. 'क्ल' लिहिताना हलन्ताची खूण ब्रेलमध्ये 'क'च्या आधी येते. पुढे जोडाक्षर येत आहे ही सूचना बोटाला आगाऊ हवी असते, कारण त्याला पुढचे दिसत नाही. हे दोन नियम म्हणजे बोटाच्या स्वभावाचा अभ्यास आहे, आणि तो पाऊण शतकापूर्वी झालेला आहे.

१२/
आता यंत्रांकडे. 'यंत्राने दृष्टी देऊ' ही घोषणा फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सेलेनियम या मूलद्रव्याची विद्युत्वाहकता प्रकाशाप्रमाणे बदलते. या गुणाचा उपयोग करून एडमंड फोर्निए द'आल्ब यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये ऑप्टोफोन बनवला. छापील ओळीवरून हे यंत्र सरकले की प्रत्येक अक्षराच्या आकाराप्रमाणे सुरांचा वेगळा समूह ऐकू येई. अंध माणूस कोणतेही छापील पुस्तक कानाने वाचणार, असा डंका पिटला गेला.

१३/
यंत्र वाचून दाखवत नव्हते. ते फक्त सूर देई. त्या सुरांतून अक्षर, अक्षरांतून शब्द काढायचे काम ऐकणाऱ्याचे होते. ते काम सर्वांत उत्तम केले मेरी जेमसन या जन्मांध तरुणीने. १९१८ साली तिने जाहीर प्रात्यक्षिक दिले. वर्षांनुवर्षे सराव करून ती मिनिटाला ६० शब्दांपर्यंत पोचली, जे इतर कुणाला क्वचितच जमले, आणि पुढे अनेक दशके ऑप्टोफोन वापरत राहिली. यंत्रात काय सुधारले पाहिजे हेही तिच्या वापरातूनच उमजत गेले. इतिहासात नाव राहिले ते संशोधकाचे. तिची नोंद 'प्रात्यक्षिक देणारी' एवढीच.

१४/
१९६९ साली 'नेचर' या नियतकालिकात पॉल बाख-इ-रीता आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. सहकाऱ्यांपैकी लॉरेन्स स्कॅडन स्वतः अंध होते. दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीत त्यांनी ४०० कंपक बसवले, वीस ओळी आणि वीस स्तंभ. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र या कंपनांच्या रूपाने बसणाऱ्याच्या पाठीवर उमटे. सरावाने अंध माणसे पाठीच्या कातडीने टेलिफोन, खुर्ची, पेला ओळखू लागली. एक वस्तू दुसरीच्या मागे आहे हेही त्यांना कळू लागले.

१५/
हा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. त्यातले खरे मर्म मात्र सांगताना गळते. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती असेल, तेव्हा बसणाऱ्याला पाठीवर केवळ गुदगुल्या जाणवत. कॅमेरा स्वतःच्या हाती आला, तो आपल्या मनाप्रमाणे फिरवता आला, की काही तासांच्या सरावाने वस्तू पाठीवर न जाणवता समोर, बाहेर, अवकाशात जाणवू लागे. एकदा कॅमेऱ्याचे भिंग पूर्वसूचनेविना फिरवून चित्र एकदम मोठे केले गेले, तेव्हा बसलेला माणूस हात वर करून मागे सरला. कंपने पाठीवर होती, आणि तो मागे सरला समोरून येणाऱ्या वस्तूपासून.

पाठ तीच, कंपक तेच, चित्र तेच. फरक एवढाच, की कॅमेरा कोण फिरवतो.

१६/
याला सहा वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाची साक्ष आहे. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढवलेली मांजराची दोन पिल्ले एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना बांधली. एक स्वतःच्या पायांनी चाले. दुसरे टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरवले जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून दृश्य सारखेच सरके. चालणारे पिल्लू नीट पाहायला शिकले. टोपलीतल्याला समोर येणाऱ्या पृष्ठभागावर पंजा टेकायचेही कळेना; मोकळे सोडल्यावर काही दिवसांनी ते सुधारले. प्रयोग निर्दय होता यात शंका नाही. पण शिक्षणात टोपलीतली मुले किती आहेत हे मोजायचे झाल्यास त्याची आठवण व्हावी.

१७/
पाठीने पाहणाऱ्यांच्या अनुभवाला दुसरीही बाजू होती आणि ती बाख-इ-रीता यांनी प्रामाणिकपणे नोंदवली. ज्यांनी या यंत्राने आपल्या पत्नीचा चेहरा प्रथमच 'पाहिला' त्यांना आकार कळला, भाव मात्र काहीच उमटला नाही, आणि ते निराश झाले. आकृती ओळखणे आणि तिच्यात अर्थ भरणे ही दोन कामे आहेत. पहिले काही आठवड्यांत होते. दुसरे बालपणापासून, हजारो प्रसंगांतून, माणसांच्या सहवासात होते, आणि कोणत्याही यंत्राच्या खोक्यात ते भरून देता येत नाही.

१८/
शंका घेणारा म्हणेल, ही सगळी कृत्रिम इंद्रियांची कथा. नैसर्गिक दृष्टी मिळाली तर प्रश्नच मिटेल. त्याचे उत्तर दिल्लीत मिळाले आहे. विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक कोडे कळवले होते : जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली तर केवळ पाहून तो ते ओळखील काय? पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये दिल्लीच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयात उपचार झालेल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांची यासाठी चाचणी झाली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर लगेच मुलांना वस्तू दिसत होत्या, दोन दिसणाऱ्या वस्तूंतील साम्य-भेदही कळत होता. पण हाताने चाचपलेली वस्तू यांपैकी कोणती, हे सांगता येत नव्हते. काही दिवसांत ते येऊ लागले. डोळा उघडला म्हणजे पाहणे आले असे नाही. ते शिकावे लागले.

१९/
बोटाने वाचण्याचे शिक्षण किती खोल जाते हे मेंदूने दाखवून दिले आहे. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लहानपणापासून अंध असलेला वाचक ब्रेल वाचतो तेव्हा त्याच्या मेंदूचा मागचा भाग, जो डोळसांत दृष्टीचे काम करतो, तोच कामाला लागतो. २००० साली एका जन्मांध स्त्रीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. ती सराईत ब्रेलवाचक होती. मेंदूच्या याच भागात दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा तुटला आणि तिचे वाचन गेले. बोटांना ठिपके लागत होते, अर्थ लागत नव्हता. डोळ्यांनी कधीही न पाहिलेल्या त्या बाईचा 'दृष्टीचा' मेंदू आयुष्यभर वाचत होता. ज्या मुलाला लहानपणी ब्रेल शिकवलेच नाही, त्याच्या मेंदूला या कामाची ओळख कधी करून देणार? बालपण पुन्हा येत नाही.

२०/
म्हणून बोलणाऱ्या फोनकडे वळताना प्रश्न असा विचारला पाहिजे : कॅमेरा कुणाच्या हाती आहे? ऐकणारा मुलगा यंत्राच्या गतीने पुढे जातो. तो थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो. पण शब्दाच्या आत शिरू शकत नाही. मराठीत हे फारच महाग पडते. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. बोलण्यात आणि यंत्राच्या आवाजात हे दोन शब्द एकच होऊन बसतात. ब्रेलमध्ये ऱ्हस्व 'इ'ची चौकट वेगळी, दीर्घ 'ई'ची वेगळी. बोट चुकत नाही. जो मुलगा दहा वर्षे केवळ ऐकत आला, त्याला 'शीर' लिहावे की 'शिर' हे कळण्याचा मार्गच कुणी ठेवलेला नाही. मग त्याच्या उत्तरपत्रिकेतील अशुद्ध लेखनाबद्दल त्याला नावे ठेवायला सगळे मोकळे.

२१/
गणिताचे तर विचारूच नये. अपूर्णांकात अपूर्णांक, कंसात कंस असलेले समीकरण एकदा ऐकून कुणाही डोळस पालकाने सोडवून दाखवावे. डोळस मूल तेच समीकरण वहीत पुन:पुन्हा पाहते. अंध मुलाला तशी वही म्हणजे ब्रेलचा कागद. तो काढून घेऊन 'विज्ञान शाखा अंधांना झेपत नाही' असे वर म्हणायचे, हा अन्यायाचा जुना आणि सोयीचा प्रकार आहे. १९९६ साली रूबी राइल्स यांनी अमेरिकेत अंध प्रौढांची पाहणी केली, तेव्हा लहानपणी ब्रेलने वाचायला शिकलेल्यांत नोकरी असणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले.

२२/
येथे न्याय केला पाहिजे. १९७६ सालच्या रेमंड कुर्झवाइल यांच्या वाचनयंत्रापासून बोलणाऱ्या यंत्रांनी अंधांसाठी जेवढे छापील जग उघडले, तेवढे कोणत्याही ब्रेल ग्रंथालयाला उघडता आले नसते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मायकेल करन आणि जेमी टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून घडवला आणि आज तो मराठीसह अनेक भाषांत चालतो. आवाज हवाच. प्रौढपणी दृष्टी गेलेल्यांना तर तोच मोठा आधार. या थ्रेडचे भांडण आवाजाशी नाही. आवाज आहे म्हणून लिपी नको, असे म्हणणाऱ्यांशी आहे. डोळस मुलांसाठीही ध्वनिपुस्तके निघाली. म्हणून त्यांना मुळाक्षरे शिकवणे कुणी बंद केले नाही.

२३/
शिवाय, यंत्र कुणाच्या मालकीचे हाही प्रश्न आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी ऑप्टाकॉनची कल्पना मांडली. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून फिरवायचा, दुसऱ्या हाताचे बोट १४४ थरथरत्या टोकांवर ठेवायचे, आणि छापील अक्षर बोटाखाली उमटायचे. १९७१ साली ते विक्रीस आले. हजारो लोक ते शिकले. वेग ब्रेलपेक्षा बराच कमी असे, पण कोणतेही पत्र, कोणतेही बिल स्वतः वाचता येई. १९९६ साली उत्पादन बंद झाले. त्यानंतर वाचक जुनी यंत्रे सांभाळत, एकाचे भाग दुसऱ्याला जोडत राहिले.

२४/
त्याहून विदारक कथा आर्गस २ या कृत्रिम नेत्रपटलाची. ६० इलेक्ट्रोडचा हा संच शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवला जाई. २०१३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी चमत्काराचे मथळे दिले. २०१९ साली सेकंड साइट कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, पुढच्याच वर्षी बहुतेक कर्मचारी कमी केले. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते यंत्र होते, आणि ते बिघडले तर दुरुस्त करणारे कुणी उरले नाही. मथळे देणाऱ्यांपैकी किती जण ही बातमी द्यायला परत आले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

२५/
ब्रेलची मालकी कुणाकडे नाही. 'लिपी आता जुनी झाली, नवीन आवृत्ती विकत घ्या' असे सांगणारा तिचा मालकच नाही; कदाचित म्हणूनच तिच्यासाठी समारंभ होत नाहीत. महाराष्ट्रात स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. ते काढणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ब्रेल जुनाट झाली आहे हे कुणी कळवले नसावे.

२६/
२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती ५० लाखांहून अधिक नोंदल्या गेल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या १६व्या कलमात अंध विद्यार्थ्यांना योग्य भाषेत आणि योग्य माध्यमातून शिक्षण देण्याची, आणि १७व्या कलमात ब्रेल जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, प्रशिक्षित करून नेमण्याची तरतूद आहे. टॅबलेट वाटपाचे छायाचित्र प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, प्रत्येक लोकप्रतिनिधीला त्या छायाचित्राखाली विचारावे : या शाळेत ब्रेल वाचता-लिहिता येणारे शिक्षक किती आहेत, आणि पहिलीतल्या मुलाच्या हाती ब्रेल पाटी कितव्या महिन्यात येते?